मेंदूचा नकाशा काढणारे डॉ. पेनफिल्ड

या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी सर्वांना एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहायला सांगितले. आमच्या चौथीच्या वर्गात पाच जणांनी शिवाजी महाराज घेतले. तिघींनी सावित्रीबाई घेतल्या. मी डॉ. वाइल्डर पेनफिल्ड यांचे चरित्र लिहिले आहे. हे नाव तुम्ही ऐकले नसेल. मीसुद्धा ऐकले नव्हते. ते मेंदूचे ऑपरेशन करणारे डॉक्टर होते आणि मोठे प्राध्यापकही होते. मी त्यांनाच का घेतले ते आधी सांगतो.

माझ्या वर्गात माझा एक मित्र आहे. त्याला फिट येते. आमच्याकडे कोणी तिला आकडी म्हणतात, कोणी फेफरे म्हणतात. मागच्या पावसाळ्यात प्रार्थना चालू असताना तो एकदम खाली पडला. त्याचे हातपाय ताठ झाले आणि झटके द्यायला लागले. तोंडाला फेस आला. कोणी म्हणाले कांदा आणा, कोणी म्हणाले चप्पल हुंगवा. मी पळालो आणि व्हरांड्यातल्या खांबामागे जाऊन उभा राहिलो. घरी आजी म्हणाली की ते बाहेरचे असते, त्याच्याजवळ बसू नको. दुसऱ्या दिवशी मी माझे बसकर उचलून दुसऱ्या रांगेत नेले. तो काही बोलला नाही. माझ्या रिकाम्या जागेवर त्याने आपले दप्तर ठेवले.

नंतर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई आमच्या शाळेची तपासणी करायला आल्या. फिटला कोण कोण घाबरते असे त्यांनी विचारले. खूप हात वर झाले. माझाही झाला. मग त्यांनी आम्हांला पेनफिल्ड साहेबांची गोष्ट सांगितली. ती मी वहीत उतरून घेतली. बाकीची माहिती गुरुजींनी पुस्तकातून वाचून दाखवली आणि सगळी सालं तपासून दिली. मित्राबद्दल लिहायला मी त्याला आणि त्याच्या आईला विचारले आहे. दोघं हो म्हणाले.

बालपण

वाइल्डर पेनफिल्ड यांचा जन्म २६ जानेवारी १८९१ रोजी अमेरिकेतल्या स्पोकेन या गावी झाला. त्यांचे वडील डॉक्टर होते, पण त्यांचा दवाखाना नीट चालला नाही. वाइल्डर आठ वर्षांचे असताना आई मुलांना घेऊन आपल्या माहेरी आली. ते गाव म्हणजे विस्कॉन्सिन राज्यातले हडसन. म्हणजे पेनफिल्ड साहेब आजोळी वाढले. त्यांच्या आईचे नाव जीन होते. तिला वाटे की आपल्या मुलाने खूप शिकावे. वाइल्डर तेरा वर्षांचे असताना तिला ऱ्होड्स नावाच्या शिष्यवृत्तीची माहिती मिळाली. ती मिळाली की इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकता येते. पण नुसता हुशार मुलगा त्यांना चालत नसे, खेळातही चांगला पाहिजे. आईने ठरवले की ही शिष्यवृत्ती आपल्या मुलाने मिळवायचीच. आम्ही स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसतो तेव्हा आमच्या आया करतात, तसेच हे झाले.

पुढे ते प्रिन्स्टन विद्यापीठात शिकायला गेले. तिथे ते फुटबॉल खेळत. अमेरिकेतला फुटबॉल वेगळा असतो, त्यात चेंडू हातात घेऊन पळतात. लोक एकमेकांना धडक देऊन पाडतात. १९१३ साली त्यांनी पदवी घेतली. पहिल्यांदा त्यांना शिष्यवृत्ती मिळाली नाही. पण ते निराश झाले नाहीत. मुलांना फुटबॉल शिकवून त्यांनी पैसे मिळवले आणि पुन्हा प्रयत्न केला. मग ती मिळाली.

बोट फुटली

ते ऑक्सफर्डला गेले तेव्हा पहिले महायुद्ध चालू होते. तिथे त्यांना दोन चांगले गुरू मिळाले. एक होते डॉ. विल्यम ऑस्लर. ते फार मोठे आणि प्रेमळ डॉक्टर होते. दुसरे होते चार्ल्स शेरिंग्टन. आपल्या अंगातल्या नसा काम कशा करतात हे ते शोधत होते. त्यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. शेरिंग्टन यांच्याकडे शिकताना पेनफिल्ड साहेबांना वाटायला लागले की मेंदू हा अजून कोणी न पाहिलेला मुलूख आहे आणि आपण तिथे जायचे.

१९१६ सालच्या मार्च महिन्यात ते जखमी सैनिकांच्या दवाखान्यात काम करायला फ्रान्सला निघाले. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या मध्ये समुद्र आहे. त्यांच्या बोटीचे नाव ससेक्स होते. २४ मार्चला जर्मन पाणबुडीने त्या बोटीवर पाणतीर सोडला. बोटीचा पुढचा भाग तुटून गेला. पुष्कळ माणसे मेली. पेनफिल्ड साहेबांच्या पायाला जबर दुखापत झाली, पण ते वाचले. डॉ. ऑस्लर यांनी त्यांना आपल्या घरी नेले आणि बरे होईपर्यंत ठेवून घेतले. मला वाटते, दुसऱ्यासाठी दवाखाना आपल्या घरासारखा असावा हे ते तिथेच शिकले असतील.

१९१७ साली त्यांचे लग्न हेलन यांच्याशी झाले. १९१८ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. मग बोस्टन शहरात हार्वी कुशिंग यांच्या हाताखाली राहिले. मेंदूच्या ऑपरेशनमध्ये कुशिंग हे त्या वेळी सगळ्यांत नावाजलेले होते.

शिकणे काही संपेना

आपल्याला वाटते, डॉक्टर झाले की शिकणे संपले. पण पेनफिल्ड साहेबांचे तसे नव्हते. ते पुन्हा इंग्लंडला गेले आणि शिकले. १९२१ पासून न्यूयॉर्कला ऑपरेशन करायला लागले. त्या काळी मेंदूचे ऑपरेशन म्हणजे फार धोक्याचे काम होते. कितीतरी रोगी दगावत. पेनफिल्ड साहेबांना त्याचे वाईट वाटे. मेंदू आत कसा बनला आहे हेच आपल्याला नीट माहीत नाही, मग आपण त्याला बरे कसे करणार, असा त्यांना प्रश्न पडला.

म्हणून १९२४ साली ते बायको आणि मुलांना घेऊन स्पेन देशात माद्रिदला गेले. तिथे रिओ ओर्तेगा नावाचे शास्त्रज्ञ होते. मेंदूतल्या पेशी फार बारीक असतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. रिओ ओर्तेगा चांदीचे क्षार वापरून त्यांना रंग देत. मग सूक्ष्मदर्शकातून त्या वेगवेगळ्या दिसत. पेनफिल्ड साहेब इतके मोठे डॉक्टर असूनही विद्यार्थ्यासारखे तिथे बसले आणि ती रीत शिकून घेतली.

१९२८ साली ते ब्रेस्लाउ शहरात डॉ. फोर्स्टर यांच्याकडे गेले. हे शहर तेव्हा जर्मनीत होते, आज ते पोलंडमध्ये आहे. युद्धात डोक्याला गोळी लागलेल्या सैनिकांना पुढे फिट यायच्या. कारण जखम भरली तरी मेंदूवर वण राहायचा. फोर्स्टर तो वण काढून टाकत. आणि विशेष म्हणजे ऑपरेशन चालू असताना रोगी जागा असे! हे ऐकून आमचा सगळा वर्ग ओरडला. कारण पुढे सांगतो.

त्याच वर्षी पेनफिल्ड साहेब कॅनडा देशात माँट्रियल शहरी राहायला गेले. तिथल्या मॅकगिल विद्यापीठात आणि रॉयल व्हिक्टोरिया दवाखान्यात ते काम करायला लागले. त्यांचे सोबती डॉ. विल्यम कोन हेही बरोबर आले.

बहिणीचे ऑपरेशन

आता मी जे लिहिणार आहे ते ऐकताना वर्गात सगळे गप्प झाले होते.

पेनफिल्ड साहेबांची थोरली बहीण रूथ. तिला पुष्कळ वर्षांपासून फिट येत होत्या. १९२८ साली तिचे डोके फार दुखायला लागले आणि दिसायलाही कमी झाले. तिला माँट्रियलला आणले. तपासले तर मेंदूत गाठ होती. ऑपरेशन कोणी करायचे? आपल्या माणसाचे ऑपरेशन आपण करू नये असे डॉक्टर मानतात, कारण हात कापतात. पण त्या गावात हे काम येणारे दुसरे होते तरी किती? शेवटी डिसेंबर १९२८ मध्ये भावानेच बहिणीचे ऑपरेशन केले. डॉ. कोन मदतीला होते.

आत पाहिले तर गाठ फार मोठी होती. ती कपाळाच्या उजव्या बाजूला मागे पसरली होती. त्यांनी मेंदूचा पुढचा बराच भाग गाठीसकट काढला. पण थोडी गाठ खोल राहिली. तिथपर्यंत जाता येत नव्हते.

रूथ शुद्धीवर आली. बोलायला लागली, हसायला लागली. घरी गेली. काही महिन्यांनी, म्हणजे ऑपरेशनला सव्वा वर्ष झाल्यावर, पेनफिल्ड साहेब तिच्या घरी गेले. तिने भावासाठी आणि घरच्या चार जणांसाठी जेवण करायचे ठरवले. ती आधी सुगरण होती. पण जेवायची वेळ झाली तेव्हा स्वयंपाकघरात सगळे सामान तसेच पडले होते. चुलीवर एक दोन पदार्थ चढले होते. बाकी काहीच झाले नव्हते. ती गोंधळून, रडवेली होऊन उभी होती. तिला एकेक पदार्थ करता येत होता. पण आधी काय, मग काय, हे तिला जुळवता येत नव्हते. भावाने पाहिले आणि त्यांना समजले की आपल्या कपाळामागचा मेंदू कामाची जुळवाजुळव करतो.

माझी आई एका वेळी भाकरी थापते, कालवणाला फोडणी देते, आणि मला पाढे म्हणायला सांगते. ही केवढी अवघड गोष्ट आहे हे मला तेव्हा कळले.

पुढे गाठ पुन्हा वाढली. दुसरे ऑपरेशन कुशिंग यांनी केले. पण रूथ १९३१ साली वारली. पेनफिल्ड साहेबांना फार दुःख झाले. पण ते रडत बसले नाहीत. एकट्या डॉक्टरच्याने हे काम होणार नाही, असे त्यांनी ठरवले. ऑपरेशन करणारे, औषध देणारे, सूक्ष्मदर्शकात बघणारे, आणि शिकणारे असे सगळे एका छपराखाली पाहिजेत. म्हणजे पुढच्या वेळी कोणाची तरी बहीण वाचेल.

मेंदूची संस्था

अशी संस्था काढायला पैसे पाहिजेत. त्यांनी पुष्कळ ठिकाणी शब्द टाकला. अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनने बारा लाखांहून जास्त डॉलर दिले. गावाने आणि सरकारनेही मदत केली. १९३४ साली माँट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. पेनफिल्ड साहेब तिचे पहिले संचालक झाले आणि १९६० पर्यंत राहिले. त्याच वर्षी, १९३४ मध्ये, ते कॅनडाचे नागरिक झाले. तिथे इंग्रजी बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे दोन्ही लोक राहतात. संस्थेत दोघांनाही जागा होती.

पुढे हर्बर्ट जास्पर नावाचे शास्त्रज्ञ तिथे आले. ते डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज कागदावर रेघांनी उतरवून घेत. हो, आपल्या मेंदूत वीज असते! ती फार थोडी असते, शॉक बसत नाही. त्या विजेवरच आपण चालतो, बोलतो, विचार करतो. डॉक्टरबाईंनी सांगितले की फिट येते तेव्हा मेंदूतल्या पुष्कळ पेशी एकदम वीज सोडतात. म्हणजे वर्गात सगळी मुले एकदम ओरडली तर गुरुजींचे बोलणे ऐकू येत नाही, तसे होते. त्यात बाहेरचे काही नसते. जे असते ते आपल्याच डोक्यात असते आणि त्यावर औषध असते.

रोगी जागा, ऑपरेशन चालू

आता जाग्या रोग्याचे सांगतो. मेंदूला सगळ्या अंगाचे दुखणे कळते, पण मेंदूला स्वतःला हात लावला तर दुखत नाही! दुखते ते कातडीला. म्हणून डोक्याच्या कातडीला सुई देऊन तेवढाच भाग बधिर करायचा, दात काढताना करतात तसा. मग कवटीचा तुकडा उघडायचा. रोगी जागा असतो आणि डॉक्टरांशी बोलतो.

जागा कशाला ठेवायचा? तर मेंदूचा खराब भाग काढायचा असतो. पण चुकून बोलण्याचा भाग काढला तर माणूस मुका होईल. हाताचा भाग काढला तर हात लुळा पडेल. वरून बघून तर सगळा मेंदू अक्रोडासारखा सारखाच दिसतो. म्हणून पेनफिल्ड साहेब एका तारेने अगदी थोडी वीज मेंदूला लावत आणि रोग्याला विचारत की काय झाले. कोणी सांगे, माझा अंगठा मुंग्या आल्यासारखा झाला. कोणाची जीभ हले. जिथे काही झाले तिथे ते आकडा घातलेला कागदाचा बारीक तुकडा ठेवत. बाजूला बसलेल्या बाई सगळे लिहून घेत. कधी कधी ते वीज लावतो असे सांगत आणि लावतच नसत, म्हणजे रोगी उगाच तर सांगत नाही ना, हे कळे.

आम्ही महाराष्ट्राच्या कोऱ्या नकाशात आकडे टाकून गावे भरतो. तसाच हा मेंदूचा नकाशा तयार झाला. १९३७ साली त्यांनी आणि बोल्ड्री नावाच्या डॉक्टरांनी तो छापला. १६३ रोग्यांवरून तो काढला होता. त्यात एक गंमत आहे. मेंदूत शरीराचा नकाशा उलटा असतो. पाय वर आणि तोंड खाली. डाव्या मेंदूकडे उजवे अंग आणि उजव्या मेंदूकडे डावे अंग. शिवाय पाठ एवढी मोठी, पण तिला जागा थोडीशी. अंगठा, ओठ आणि जीभ यांना मात्र भरपूर जागा. त्यावरून जे माणसाचे चित्र काढतात ते फार हसू येणारे आहे. हात सुपाएवढे, ओठ मोठे, आणि अंग किरकोळ. गुरुजींनी ते फळ्यावर काढले तेव्हा आम्ही पोट धरून हसलो.

एका रोग्याला फुलपाखराचे चित्र दाखवले. त्याच वेळी बोलण्याच्या भागाला वीज लावली होती. त्याला फुलपाखरू कळत होते, पण नाव येईना. वीज काढल्यावर त्याला नाव आले. त्याने सांगितले की तो शब्द सापडेना म्हणून मी पतंग हा शब्द शोधला, तर तोही सापडेना. म्हणजे कळणे वेगळे आणि शब्द सापडणे वेगळे. मला फळ्यासमोर उभे केले की माझेही असेच होते, पण तेव्हा वीज लावलेली नसते.

कानाच्या वरच्या बाजूच्या मेंदूला वीज लावली तेव्हा तर नवलच झाले. एका बाईला गाणे ऐकू यायला लागले. तिला वाटले ऑपरेशनच्या खोलीत ग्रामोफोन लावला आहे. दक्षिण आफ्रिकेतला एक तरुण माँट्रियलला टेबलावर झोपला होता, आणि त्याला वाटले की आपण आपल्या देशात शेतावर भावंडांबरोबर हसत आहोत. दोन्ही एकदम! असे सगळ्यांना झाले नाही. पेनफिल्ड साहेबांनी १९६३ साली हिशोब छापला. ११३२ रोग्यांपैकी ५२० जणांच्या त्या भागाला वीज लावून पाहिले होते. त्यांतल्या फक्त ४० जणांना असे काही दिसले किंवा ऐकू आले. त्यांना वाटे की आपण पाहिलेले सगळे मेंदूत साठून राहते. आजचे शास्त्रज्ञ म्हणतात की ते सगळे खरे आठवणेच होते असे नाही, काही स्वप्नासारखेही असेल. पण नुसत्या विजेने असे होते हे त्यांनी सगळ्या जगाला दाखवले.

चूक लपवली नाही

सगळी ऑपरेशने चांगली झाली असे नाही. पुष्कळांच्या फिट थांबल्या किंवा कमी झाल्या. काहींच्या थांबल्या नाहीत. आणि दोन रोग्यांचे तर वेगळेच झाले. त्यांच्या मेंदूच्या एका बाजूचा आतला भाग काढला होता. नंतर त्यांना नवीन काहीच लक्षात राहीना. सकाळी काय केले ते दुपारी आठवेना. त्यातला एक इंजिनियर होता. एका बाजूचा भाग काढला तर दुसरी बाजू काम करायला पाहिजे होती. मग असे का झाले?

पेनफिल्ड साहेबांना फार काळजी वाटली. त्यांनी ते झाकून ठेवले नाही. ब्रेंडा मिल्नर नावाच्या बाई संस्थेत रोग्यांची स्मरणशक्ती तपासत. दोघांनी मिळून १९५५ साली मोठ्या डॉक्टरांच्या सभेत हे उघड सांगितले. त्यांचा अंदाज होता की या रोग्यांची दुसरी बाजू आधीपासूनच बिघडलेली असणार. पुढे १९६४ साली तो इंजिनियर वारल्यावर त्याचा मेंदू तपासला, तर अंदाज खरा निघाला. त्यावरून जगाला कळले की नवीन आठवण बनायला मेंदूचा कोणता भाग लागतो. आणि ऑपरेशनच्या आधी दोन्ही बाजू तपासायच्या हेही कळले.

गुरुजी म्हणाले की गणित चुकले तर खोडून टाकू नका, बाजूला रेघ मारून ठेवा, म्हणजे कुठे चुकले ते दिसते. मला वाटते पेनफिल्ड साहेबांनी तसेच केले.

भारताशी नाते

त्यांच्या संस्थेत पुष्कळ देशांचे डॉक्टर शिकायला येत. आपल्या केरळचे डॉ. जेकब चांडी हेही त्यांच्याकडे शिकले. १९४९ साली ते परत आले आणि आजच्या तामिळनाडूतल्या वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. भारतातला तो पहिला विभाग. १९६४ साली भारत सरकारने चांडी यांना पद्मभूषण दिले. ते २००७ साली वारले. म्हणजे माँट्रियलचा दिवा वेल्लूरला लागला, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तो पुढे नेला.

शेवटची वर्षे

इंग्लंडच्या राणीने पेनफिल्ड साहेबांना १९५३ साली ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा मान दिला. १९६७ साली कॅनडा देशाने त्यांना आपला सर्वांत मोठा नागरी मान दिला. संस्था सोडल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी पुस्तके लिहिली. हिपोक्रेटिस या जुन्या वैद्यावर एक कादंबरीही लिहिली. लहान मुलांनी दुसरी भाषा दहा वर्षांच्या आत ऐकत बोलत शिकावी असे ते सांगत. मोठेपणीही भाषा शिकता येते, पण लहानपणी सोपी जाते. मी दहा वर्षांचा आहे, म्हणून मी इंग्रजीची घाई करतो आहे.

त्यांचे एक शेत होते, तळ्याच्या काठी. तिथल्या एका मोठ्या दगडावर त्यांनी पूर्वी एक चित्र रंगवले होते. एका बाजूला मन आणि दुसऱ्या बाजूला मेंदू, मध्ये सलग रेघ. म्हणजे मेंदू कळला की मन कळेल. म्हातारपणी, थंडीत अंगात एकावर एक स्वेटर घालून ते तिथे गेले आणि ती सलग रेघ त्यांनी तुटक केली. सगळे आयुष्य मेंदू पाहिला, तरी मन कसे बनते हे अजून कळले नाही, असा त्याचा अर्थ गुरुजींनी सांगितला. एवढा मोठा माणूस आपले म्हणणे बदलतो हे मला फार आवडले.

५ एप्रिल १९७६ रोजी माँट्रियल येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ८५ वर्षांचे होते.

मी काय केले

हे सगळे ऐकल्यावर मला एक गोष्ट टोचायला लागली. पेनफिल्ड साहेब रोग्यालाच विचारत की तुला आधी काय होते. कारण जे आधी होते त्यावरून फिट कुठे सुरू झाली ते कळते. कोणाला जळल्याचा वास येतो, कोणाच्या बोटाला मुंग्या येतात. आणि मी माझ्या मित्राला कधी काहीच विचारले नव्हते. नुसते बसकर उचलले होते.

मी त्याच्याकडे गेलो आणि विचारले. त्याने सांगितले की आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे होते, मग कानात घूं असा आवाज येतो, मग त्याला काही माहीत नसते. शुद्धीवर आला की अंग दुखते आणि सगळे बघत असतात याची लाज वाटते. फिटपेक्षा त्याचेच त्याला जास्त वाईट वाटते. हे त्याने आधी कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारलेच नव्हते.

डॉक्टरबाईंनी त्याला गोळ्या चालू केल्या आहेत. दहा जणांपैकी सात जणांच्या फिट चांगल्या औषधाने थांबू शकतात असे त्या म्हणाल्या. ऑपरेशन थोड्याच लोकांना लागते. गोळ्या मधेच बंद करायच्या नाहीत. आपल्या मनाने तर नाहीच नाही.

फिट आली तर काय करायचे ते त्यांनी शिकवले, ते सर्वांनी वाचा. घाबरून पळू नये. आजूबाजूचे दगड, पाट्या बाजूला कराव्यात. डोक्याखाली दप्तर किंवा काही मऊ ठेवावे. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा, चप्पल हुंगवू नये, त्याने काही होत नाही. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नये. झटके थांबले की कुशीवर वळवावे. घड्याळ बघावे. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली किंवा लागोपाठ दुसरी आली तर लगेच दवाखान्यात न्यावे. आणि शुद्धीवर आल्यावर भोवती गर्दी करू नये.

श्रावणात एकदा त्याने माझा हात धरला आणि पोटाकडे बोट केले. मी त्याला लगेच खाली बसवले आणि कुशीवर निजवले. डोक्याखाली माझे दप्तर ठेवले. झटके आले आणि दोन मिनिटांत थांबले. बाकीच्या मुलांना गुरुजींनी मैदानात नेले होते. त्याने डोळे उघडले तेव्हा मी एकटाच जवळ होतो. माझे हात थरथरत होते, पण मी पळालो नाही.

आता माझे बसकर पुन्हा त्याच्या शेजारी आहे. आजीलाही मी मेंदूतल्या विजेचे सांगितले. तिला अजून पुरते पटले नाही. पण परवा त्याला तिने घरात बोलावून लाडू दिला.

अशा या डॉ. पेनफिल्ड यांना आणि त्यांच्या रूथताईला माझा नमस्कार.